नशिबाचं खातं



गेल्या कोजागिरीला आपल्या मंडळाच्या गच्चीवर दूध आटत असताना तरुण मुलांनी मला घेरलं. "काका, बँकेत एकोणचाळीस वर्षं काढलीत. 'आपलं नशीब आपणच घडवावं' यावर दहा मिनिटं बोला ना." मी बोललो. मेहनत, तयारी, वेळेची किंमत, सगळे सांगतात तेच मीही सांगितलं. टाळ्याही पडल्या. घरी येताना रिक्षात सौ. म्हणाली, "बोललात छान. पण त्या खोलीची गोष्ट गाळलीत."

बँकेत ऑडिटर कधीमधी यायचा, घरातला रोजचा असतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. खात्याची एकच बाजू दाखवून ताळेबंद जुळला म्हणावं, तसं काहीसं झालं होतं. म्हणून आज दोन्ही बाजू लिहून काढतो आहे. लांबलंय, पण आपल्या बडोद्याच्या जुन्या घरांचीच हकीकत आहे. सवडीने वाचा.

सुरुवात आजोबांपासून करतो. राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून ते १९०८ च्या सुमारास बडोद्याला आले. बोटीने मुंबई आणि मग बी. बी. अँड सी. आय. च्या गाडीने बडोदे. सोबत एक पत्र्याची ट्रंक, लांबच्या एका मामांच्या नावाची चिठ्ठी आणि वळणदार मोडी अक्षर. दरबारी नोकऱ्यांत आपली माणसं पुष्कळ होती. मामांनी शब्द टाकला आणि आजोबा एका खात्यात कारकून म्हणून चिकटले. पहिले सहा महिने मामांच्याच ओटीवर पथारी होती, मग दांडिया बाजारातल्या एका वाड्यात दोन खोल्या घेतल्या. मी त्याच खोल्यांत वाढलो.

"आजोबा, तुम्हाला नोकरी कशी लागली?" असं विचारलं की ते म्हणायचे, "अक्षर चांगलं होतं, म्हणून निभावलं." मामांचं नाव बऱ्याच वेळाने, जाता जाता यायचं. लहानपणी ते माझ्या ध्यानात आलं नाही. हल्ली येतं.

आजोबांची आवडती गोष्ट अर्थातच महाराजांची. बडोद्याच्या मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला ती पाठ असते. १८७५ साली मल्हारराव महाराजांना इंग्रजांनी गादीवरून दूर केलं. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब दत्तक घेण्यासाठी मुलगा शोधत होत्या. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गायकवाडांची मुलं बघायला आणली. "कशासाठी आलात?" असं विचारल्यावर बारा वर्षांचा गोपाळ म्हणे सरळ बोलला, राज्य करायला. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

इतर घरांत गोष्ट इथेच संपायची. पोरगा हुशार, नशीब काढलं, टाळी. आजोबा मात्र पुढचं सांगितल्याशिवाय उठू देत नसत. "दत्तक झाला तेव्हा त्याला धड लिहितावाचता येत नव्हतं, हे विसरू नका." बाराव्या वर्षी शेताच्या बांधावरून उचलून राजवाड्यात आणलेल्या मुलाने मुळाक्षरांपासून सुरुवात केली. एलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून नेमले होते. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, जोडीला गणित, इतिहास, तालीम आणि घोडा. सर टी. माधवराव दिवाण म्हणून कारभार बघत होते, त्यांच्याकडून राज्य चालवण्याचे धडे. अशी सहा वर्षं गेली. २८ डिसेंबर १८८१ ला संपूर्ण अधिकार हाती आले तेव्हा महाराज अठरा वर्षांचे होते. पुढे त्यांनी १९३९ पर्यंत राज्य केलं.

आजोबा म्हणायचे, "गादी नशिबाने मिळाली. ती सहा वर्षं त्यांची स्वतःची."

कोजागिरीला मी हे वाक्य वापरलं आणि त्यावर टाळी घेतली. पण त्या वाक्याला पुढचा भागही आहे. आपल्याला शिकायला मिळालं ते दैवयोगाने, हे महाराज विसरले नसावेत, असं त्यांचा कारभार बघून वाटतं. १८९० साली कलाभवन काढलं, जिथे हाताचं कसब शिकवलं जाई. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याच्या कितीतरी आधी तिथे शिकून गेले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध राज्याला लागू केला. १९१० साली बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून गावोगाव वाचनालयं काढली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या खेड्यापाड्यांत फिरवायचे. कवळाण्याच्या वाटेवर जो दरवाजा एका मुलासाठी अवचित उघडला, तो जमेल तितक्या मुलांसाठी उघडा ठेवायची ही धडपड होती.

आता वडिलांचा काळ. ते १९४० च्या सुमारास राज्याच्या नोकरीत लागले. त्यांच्या आयुष्यातला अभिमानाचा प्रसंग म्हणजे मार्च १९४७ मधला रणजी करंडकाचा अंतिम सामना. बडोद्यात बडोदे विरुद्ध होळकर. इंदूरच्या वाचकांनी राग मानू नये! होळकर संघ २०२ मध्ये आटोपला, पण आपलेही ९१ वर तीन गडी गेले. मग विजय हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली ती ५७७ धावा झाल्यावरच फुटली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. एक लाहोरचा, एक सांगलीचा. दोघंही बाहेरून आलेले. बडोद्याने त्यांना आसरा दिला, मैदान दिलं, आणि मग खेळपट्टीवर उभं राहण्याचं काम त्यांनी केलं. वडिलांनी सामन्यासाठी रजा टाकली होती. पुढे घरात काही अडचण आली की म्हणायचे, "९१ वर तीन आहेत. घाबरायचं नाही."

ती वेळ दोनच वर्षांनी आली. १ मे १९४९ ला बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झालं, १९६० साली गुजरात वेगळं झालं. कचेऱ्यांत गुजराती पूर्वीपासून होतीच, खुद्द सयाजीराव महाराजांनीच तिला मान दिला होता. पण वरच्या साहेबाशी मराठीत दोन शब्द बोलून काम होण्याचे दिवस संपले. वाड्याच्या ओट्यावर संध्याकाळी एकच रडगाणं असायचं, 'आपलं राज्य गेलं, आपलं आता कोण?' काही जण पुण्याला, मुंबईला निघून गेले. वडील ओट्यावर फारसे बसत नसत. ते मला म्हणाले, "मराठी घरात आहेच, ती कुठे जात नाही. पण ज्या गावचं पाणी पितो त्या गावचा हिशेब वाचता आला पाहिजे."

हे त्यांनी शब्दशः केलं. १९६७ साली मी अकरावीची परीक्षा देऊन मोकळा झालो तशी त्यांनी मला शेजारच्या महेताजीकाकांकडे पाठवलं. मांडवीजवळच्या एका कापडाच्या पेढीवर ते देशी नामं लिहायचे. लाल कापडी पुठ्ठ्याचे लांबट चोपडे, बोरू आणि पितळी दौत. पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "पहेलां सळ पाडतां शीख." चोपड्याच्या पानावर रेघा नसतात. पानाला घड्या घालून आठ सळ पाडायचे, डावीकडचे चार जमेचे, उजवीकडचे चार उधारीचे. महिनाभर मी नुसत्या घड्याच घातल्या. मग रोजमेळ, खातावणी, हवाला, हुंडी. प्रत्येक नोंदीला विक्रम संवत आणि तिथी. इंग्रजी तारीख असली तर बाजूला, बारीक.

काकांनी एक पैसाही घेतला नाही. उलट त्यांच्या घरून रोज चार वाजता चहा आणि गाठिये यायचे.

दिवसा कॉमर्स कॉलेज आणि संध्याकाळी मांडवीची सेंट्रल लायब्ररी, असं माझं चालू होतं. तिथे पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आणि मजल्यांना जाड काचेच्या लाद्या आहेत, वरच्या माणसाची सावली खाली पडते.  आमच्या दोन खोल्यांत सात माणसं, त्यामुळे अभ्यासाला जागा ती एकच. १९७१ ला बी. कॉम. झालो आणि १९७२ ला एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागलो.

इथे एक आकडा सांगतो, कारण तो भाषणात सांगितला नाही. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा सबंध देशात बँकांच्या साधारण ८,२६० शाखा होत्या. १९८० पर्यंत त्या ३२,००० च्या वर गेल्या. अकरा वर्षांत जवळजवळ चौपट. प्रत्येक शाखेला माणसं हवी होती. मी नेमका त्या मधल्या वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडलो. माझ्या थोरल्या चुलतभावाचं गणित माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. तो १९६४ साली पदवीधर झाला आणि तीन वर्षं अर्ज करत फिरला. शेवटी एका गिरणीत टाइमकीपर झाला. त्याने काय कमी मेहनत केली होती? फक्त पाच-सात वर्षं आधी जन्मला होता.

आता माझी गोष्ट, जी मी पोरांना मोठ्या चवीने सांगतो. १९७८ साली माझी बदली पंचमहाल जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली. तिथे जायला कोणी तयार नसे. मीही रडतच गेलो होतो, त्यात मोठेपणा काही नाही. आमचे मॅनेजर दक्षिणेकडचे, माणूस हुशार पण गुजराती अक्षर येत नव्हतं. एका व्यापाऱ्याने कॅश क्रेडिटची मर्यादा दुप्पट करून मागितली आणि उलाढालीचा पुरावा म्हणून चोपडे आणून टेबलावर ठेवले. ब्रँचमधली इतर मंडळी वही-चोपडे बघून मागे सरकली. मी म्हटलं, "साहेब, मी वाचतो."

तीन संध्याकाळ बसलो. बेरजा चोख होत्या. पण महेताजीकाकांची शिकवण होती की आकड्याआधी तिथी वाचावी. घरी भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याची मागची पानं काढून तिथ्या ताडून पाहत गेलो. एका वद्य पक्षापाशी आलो आणि थांबलो. त्या पक्षात एका तिथीचा क्षय होता. म्हणजे त्या तिथीला सूर्योदय लाभलाच नव्हता, पंचांगात तो दिवसच नव्हता. आणि चोपड्यात त्या दिवशी चांगला भरगच्च व्यापार लिहिलेला! रोजच्या रोज लिहिणारा माणूस अशी चूक करत नाही, त्याच्या समोर त्या दिवसाचं पंचांग असतं. मागाहून एका बैठकीत बसून लिहिणारा मात्र एकामागून एक तिथ्या टाकत जातो. पुढे चौकशी झाली, तेव्हा चार महिन्यांचा व्यापार कागदावरचाच निघाला. मर्यादा वाढवली असती तर तेवढी रक्कम बुडीत गेली असती.

मॅनेजरसाहेबांनी वर अहवाल पाठवला. त्यांना तो शोध स्वतःच्या नावावर सहज घालता आला असता. त्यांनी माझं नाव घालून पाठवला. पुढच्या वर्षी बढतीच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "ते तिथीचं प्रकरण तुमचंच ना?" मी अधिकारी झालो. लोक म्हणाले, नशीबवान आहे. मी मनात म्हणायचो, नशीब कसलं? उन्हाळाभर सळ पाडलेत.

हे खरं आहे, आणि पोरांना मी आजही सांगेन की समोर येईल ते काम शिकून ठेवा. कुठली विद्या कधी हाताला येईल सांगता येत नाही. पण आता बँकवाल्यासारखं या खात्याकडे बघू. माझ्या नावावर काय? एक उन्हाळा, तीन संध्याकाळ आणि "मी वाचतो" हे दोन शब्द. बाकीची जमा कोणाकोणाची आहे? महेताजीकाकांची, वडिलांची, क्षयतिथी म्हणजे काय हे एकादशी-चतुर्थीच्या गडबडीत नकळत शिकवणाऱ्या आईची, काचेच्या लाद्यांच्या त्या वाचनालयाची, राष्ट्रीयीकरणाची, आणि दुसऱ्याचं नाव न खाणाऱ्या एका साहेबाची. माणूस स्वतःचं नशीब घडवतो म्हणजे काय, तर बहुतेक भांडवल दुसऱ्यांचं आणि वर आपली मेहनत.

आणि ज्याला भांडवल देणारे भेटले, मेहनतही त्याने डोंगराएवढी केली, तरी शेवटी दारच उघडलं नाही, त्याचं काय?

हेही आपल्या बडोद्यातच घडलंय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बी. ए. च्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती. १९१३ साली महाराजांनीच त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड. बदल्यात परत येऊन दहा वर्षं राज्याची नोकरी करायची, असा करार. त्या तरुणाने तिथे किती अभ्यास केला ते जगाला ठाऊक आहे. तयारी, चिकाटी, संधीचं सोनं करणं, आपण भाषणांत जे जे सांगतो ते सगळं त्यांनी केलं होतं.

सप्टेंबर १९१७ मध्ये करार पाळण्यासाठी ते बडोद्याला आले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी होती. पण राहायला जागा मिळेना. हॉटेल नाही, खोली नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि त्यांना तिथून बाहेर काढण्यात आलं. गावातल्या दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही काहीतरी अडचण सांगितली. मग ते कमाटी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत गेले. हे सगळं त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवलंय. बागेतल्या त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात.

महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, नोकरी दिली. पण गावातली एक खोली महाराजांच्या हुकमात नव्हती. ती आपल्या हातात होती.

१९१७ साली माझे आजोबा दांडिया बाजारातच राहत होते. तिथून कमाटी बाग चालत अर्ध्या तासाच्या आत. कोकणातून चिठ्ठी घेऊन आलेल्या कुठल्याही मुलाला आमच्या ओटीवर पथारी मिळायची, ही आमच्या घराची ख्याती होती. आजोबा १९६४ मध्ये गेले. महाराजांच्या शंभर गोष्टी त्यांनी सांगितल्या. आंबेडकरांना महाराजांनी शिष्यवृत्ती दिली हेही मोठ्या अभिमानाने सांगत. बागेची गोष्ट त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकली नाही. त्यांच्या कानावर आलीच नव्हती की आली होती, हे विचारायचं राहून गेलं. मी ती पहिल्यांदा वाचली ती १९९० च्या सुमारास, बाबासाहेबांच्या शताब्दीच्या वेळी. वाचून पुस्तक मिटलं. मला आजोबा आठवले नाहीत, मी स्वतः आठवलो.

कारण १९८५ साली मी मॅनेजर होतो. मध्य गुजरातेतलं छोटं गाव, खाली बँक आणि वर माझं बिऱ्हाड. बिऱ्हाडाला लागून एक जादा खोली होती, तिचा जिना वेगळा. आमच्या रद्दी फायली आणि मोडका पाळणा तिथे पडलेला असायचा. त्या वर्षी शाखेत एक नवा कारकून आला. कॉमर्सचाच पदवीधर, घराण्यात नोकरीला लागलेला पहिला. दिवसा गोदामात हिशेब लिहून आणि रात्री अभ्यास करून परीक्षा दिलेली. कामाला चोख, बोलायला मृदू.

त्याला गावात खोली मिळेना. गुजरातेत आडनावाला 'अटक' म्हणतात. घरमालक आधी अटक विचारायचा, आणि ती सांगितली की बोलणं तिथेच अटकायचं. तीन आठवडे झाल्यावर तो माझ्या टेबलाजवळ आला आणि म्हणाला, "साहेब, वरची बाजूची खोली रिकामी आहे. भाडं देईन." मी म्हटलं, "बघतो. मालकांना विचारावं लागेल."

मी विचारलं नाही. मालक आमच्या शाखेचे मोठे ठेवीदार होते. त्यांना उगाच कशाला दुखवा, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर ते नाही म्हणाले असते की हो, हे मला आजही माहीत नाही, कारण मी तोंडच उघडलं नाही. सौ. दोनदा म्हणाली, "अहो, खोली आवरून देऊ का?" मी म्हटलं, "थांब जरा."

तो पस्तीस किलोमीटरवरून रोज एस. टी. ने येऊ लागला. बस चुकली की उशीर. आणि मी, नियमाचा माणूस, हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल शाईने वेळ लिहायचो. एकदा उशिराबद्दल लेखी समजही दिली. ज्याला मी छप्पर दिलं नाही, त्याला मी उशिरा आला म्हणून कागद दिला. आठ महिन्यांनी तो बदली मागून गेला.

२००९ साली, मला निवृत्तीला दोन वर्षं असताना, अहमदाबादला एका बैठकीत तो भेटला. माझ्यापेक्षा वरच्या पदावर होता. उठून उभा राहिला, नमस्कार केला. चहा घेताना म्हणाला, "साहेब, त्या आठ महिन्यांच्या बसमध्येच माझा बढतीच्या परीक्षेचा अभ्यास झाला. रोज तीन तास मिळायचे."

तो टोमणा होता की खरंच कृतज्ञता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी म्हटलं, "त्या खोलीबद्दल..." तो म्हणाला, "जुनं झालं, साहेब." आणि विषय बदलला. सोळा वर्षं झाली, ते वाक्य माझ्याकडे अर्धवटच पडून आहे.

त्याची गोष्ट मी कोणाला सांगितली तर तो म्हणेल, बघा, याला म्हणतात आपलं नशीब आपण घडवणं, बसमध्ये बसून घडवलं! खरंच आहे, त्याने घडवलं. पण ती बस त्याच्या गळ्यात मी बांधली होती. त्याने वर जाण्यासाठी जेवढा जोर लावला, त्यातला निम्मा माझ्या बंद दाराला पुरला असेल.

तेव्हा पोरांनो, कोजागिरीला जे म्हणालो ते मागे घेत नाही. सळ पाडायला शिका. ज्या गावचं पाणी पिता त्या गावचा हिशेब वाचायला शिका. आडगावी बदली झाली तर रडत का होईना, जा. पण कोणी अपयशी दिसला की 'यानेच काही केलं नसेल' असं म्हणू नका. त्याची मेहनत आपल्याला दिसत नाही, आणि त्याच्यासाठी बंद झालेली दारं तर त्याहून दिसत नाहीत. आणि आपल्या हातात एखादी खोली, एखादी चिठ्ठी, एखादा शब्द असला, तर "बघतो" म्हणू नका.

कारेलीबागेतल्या आमच्या घरात खालची एक खोली आहे. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी तिथे बँकेच्या परीक्षांना बसणारी मुलं येतात. मी हिशेब शिकवतो, सौ. चहा करते, गाठिये मांडवीहून येतात. अटक कोणी विचारत नाही. हे पुण्य म्हणून सांगत नाही. थकलेला हप्ता उशिरा भरतोय इतकंच, व्याज बाकीच आहे.

शेवटी एक विनंती. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, आपण सगळे कोणाच्या ना कोणाच्या ओटीवर पथारी टाकूनच या गावांत रुजलो. तुमच्या घरच्या 'आजोबा इथे कसे आले' या गोष्टीत चिठ्ठी कोणाची होती आणि ओटी कोणाची होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली लिहा. आणि धीर झाला तर हेही विचारा, की आपल्या दारातून कोण परत गेलं. माझ्या आजोबांना विचारायचं राहून गेलं. तुमचे असतील तर उद्यावर टाकू नका.

महेताजीकाका प्रत्येक हिशेबाच्या शेवटी जे लिहायचे, तेच लिहून थांबतो.

भूलचूक देणेघेणे.